एचबी वाढत नाहीये? आधी जुना सीबीसी काढा (थॅलेसेमिया-सिकलची कॅरियर टेस्ट नाशिकमध्ये कशी करून घ्यायची)

सात वर्षं मी लोहाच्या गोळ्या खाल्ल्यात. खजूर, गूळ-शेंगदाणे, बीट, लोखंडी कढईतली मेथी, सगळं करून झालं, पण एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, काही साडेदहाच्या पुढे हलेना. दर वेळी डॉक्टर नवा, गोळी नवी आणि वर "नीट जेवत जा" हा सल्ला फुकट. मग दिवस गेले, नववा आठवडा चालू होता, तेव्हा एका तरुण डॉक्टर बाईंनी रिपोर्टकडे जेमतेम दहा सेकंद बघितलं आणि विचारलं, "तुमची एचपीएलसी कधी केलीये का हो कुणी?" मला तो शब्दच नवीन होता, रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायची ही टेस्ट. केली, तर मी थॅलेसेमिया मायनर निघाले. लगेच नवऱ्याचं रक्त दिलं आणि त्याचा रिपोर्ट यायला चार दिवस लागले, त्या चार दिवसांत आमच्या सिडकोतल्या घरात टीव्हीसुद्धा कुणी लावला नाही. त्याचा नॉर्मल आला, सुटलो. पण राग याचा येतो की ज्या रिपोर्टवरून त्यांना शंका आली तसलेच रिपोर्ट माझ्या फायलीत लग्नाच्या आधीपासून पडून होते, आणि ते वाचायला डॉक्टरच लागतो असंही नाही.

तर तुळशीचं लग्न लागायच्या आत, म्हणजे घराघरात बघण्याचे कार्यक्रम सुरू व्हायच्या आत, हे लिहून टाकतेय.

आधी थोडक्यात, हे काय आहे ते. हिमोग्लोबिन कसं बनवायचं याचा एक जीन आईकडून येतो, एक बापाकडून. दोनातला एक बिघडलेला असेल तर माणूस वाहक, म्हणजेच मायनर किंवा ट्रेट किंवा कॅरियर, तिन्ही एकच. वाहक आजारी नसतो, शेतात राबतो, मॅरेथॉन पळतो, नव्वदीपर्यंत जगतो, आणि बऱ्याच जणांना आपण वाहक आहोत हे मरेपर्यंत कळत नाही. दोन्ही जीन बिघडलेले आले तर मात्र थॅलेसेमिया मेजर: मूल सहा महिन्यांचं वर्षाचं होईपर्यंत पांढरंफटक पडायला लागतं आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर. रक्त चढवून चढवून अंगात लोह साठतं, ते काढायला रोज वेगळं औषध. सिकलसेलचंही असंच, फक्त तिथे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असे दुखतात की मूल रात्र-रात्र ओरडतं.

"आमच्यात नाही हो असलं काही." हे मला माझ्याच आत्याने ऐकवलं. थॅलेसेमिया म्हटलं की लोकांना सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा एवढंच आठवतं, आणि त्यांच्यात प्रमाण जास्त आहे हे खरंच आहे, पण मी निफाड तालुक्यातली, आमच्यात सिंधी-पंजाबी कुणी शोधून सापडायचं नाही. देशभरात साधारण ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक धरतात. तीनशे पानांच्या लग्नात जेवायला बसलेल्यांपैकी नऊ ते बारा जण झाले की हे. सिकलचं म्हणाल तर विदर्भ, नंदुरबार, सातपुड्याचा पट्टा ही नावं आधी येतात, पण आपल्या सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक भागातल्या आदिवासी कुटुंबांनीही ही तपासणी करून घ्यायलाच हवी. शिवाय सातपूर-अंबडच्या कंपन्यांत विदर्भ-खानदेशातून येऊन इथेच स्थायिक झालेली किती घरं आहेत, त्यांनी गाव सोडलं म्हणून जीन थोडाच गावी राहतो. जवळच्या नात्यात लग्न होत असेल, मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, तर टेस्ट केल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण एकच बिघडलेला जीन एकाच आजी-आजोबांकडून दोन्ही बाजूंना उतरलेला असू शकतो.

आणि एक, हे मी जिथे जाईन तिथे सांगते: रक्तगटाचा याच्याशी काही संबंध नाही. "दोघांचाही ओ पॉझिटिव्ह आहे, चालेल ना?" असं विचारणारे किमान दहा जण मला भेटलेत. चालेल. रक्तगट एक असला म्हणून मूल आजारी होत नाही आणि वेगवेगळा असला म्हणून वाचत नाही.

आता कामाला लागा. घरातली फाईल काढा, कुठल्याही तापाच्या वेळी, ऑपरेशनच्या वेळी केलेला सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची साधी टेस्ट, चालेल. आपण सगळे वरचा हिमोग्लोबिनचा आकडा बघतो आणि कागद मिटतो, तुम्ही खाली या. एमसीव्ही बघा, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत. एमसीएच २७ च्या खाली असेल तर पेशीत रंग कमी. आता आरबीसी काउंट, म्हणजे लाल पेशींची संख्या बघा, खरी गंमत इथे आहे. लोह कमी असलेल्या माणसात पेशी लहान असतात आणि संख्येनेही कमी असतात, कारण कच्चा मालच नाही. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी लहान पण संख्या भरपूर, ५ मिलियनच्या वर, शरीर आपलं आकाराची कसर संख्येने भरून काढत असतं. म्हणून एमसीव्हीला आरबीसीने भागायचं. माझा जुना रिपोर्ट: एचबी १०.८, एमसीव्ही ६२, आरबीसी ५.६. भागाकार ११. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाची शंका जास्त, वर आलं तर लोहाच्या कमतरतेची. याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. माझ्या जावेचा एमसीव्ही ७० आणि आरबीसी ३.९ होता, उत्तर जवळपास १८, तिला खरोखर लोहच कमी होतं आणि तीन महिने गोळ्या घेतल्यावर तिचं एचबी वाढलं. पण हा नुसता अंदाज आहे हं, यावरून कुणाला वाहक ठरवू नका आणि कुणाला मोकळंही सोडू नका. सिकलच्या वाहकाचा तर सीबीसी अगदी नॉर्मल असू शकतो, तिथे हा भागाकार काही कामाचा नाही. त्यामुळे लग्न ठरत असेल तर सीबीसी कितीही छान असला तरी पुढची टेस्ट करायचीच.

ती टेस्ट म्हणजे हिमोग्लोबिन एचपीएलसी. काही लॅब हिला हिमोग्लोबिन व्हेरिएंट म्हणतात, काही ठिकाणी एचबी इलेक्ट्रोफोरेसिस होतं, कामापुरतं सगळं जवळपास सारखंच. इथे एक घोळ होतो, माझ्या भावाचा झालाय म्हणून सांगते: शुगरची तीन महिन्यांची जी एचबीएवनसी टेस्ट असते तीही बऱ्याच लॅबमध्ये एचपीएलसी मशीनवरच करतात. भावाने काउंटरवर नुसतं "एचपीएलसी करायचीये" सांगितलं, पोराने एवनसी बुक केली, दोन दिवसांनी रिपोर्ट आला की तुम्हाला डायबेटिस नाही! म्हणून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या, थॅलेसेमिया आणि सिकलसाठी हिमोग्लोबिन एचपीएलसी, आणि पैसे भरायच्या आधी पावतीवर एचबीएटू, एचबीएफ हे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणार ना असं विचारा. पैसे लॅबप्रमाणे बदलतात, दोन-तीन ठिकाणी फोन करा. नाशिकमधल्या बऱ्याच लॅब सॅम्पल मुंबई-पुण्याला पाठवतात, त्यामुळे त्याच दिवशी रिपोर्ट मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. खिशाला परवडत नसेल तर आधी त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला चौकशी करा, केसपेपर काढून थॅलेसेमिया-सिकलच्या तपासणीचं विचारायचं.

सॅम्पल देताना उपाशी राहायची गरज नाही. सकाळी मिसळ हाणून गेलात तरी रिपोर्टमध्ये तर्री दिसत नाही. दंडातून दोन-तीन मिली रक्त, जांभळ्या टोपणाची ट्यूब, संपलं. त्याच दिवशी, त्याच रक्तातून सीबीसी पण करून घ्या, कारण एचपीएलसीचा आकडा सीबीसी शेजारी ठेवल्याशिवाय नीट वाचता येत नाही. लॅबवाल्याला तीन गोष्टी आपणहून सांगायच्या, तो विचारत नाही: गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का (चढवलं असेल तर दुसऱ्याचं हिमोग्लोबिन मोजलं जाईल, थांबा), पोटात बाळ आहे का, आणि लोहाच्या किंवा बी-१२ च्या गोळ्या चालू आहेत का. गोळ्या बंद करून जायची गरज नाही, फक्त सांगा.

रिपोर्टवर डोंगरासारखे ग्राफ असतात, ते सोडा, आकडे बघा. एचबीएटू साधारण २ ते ३.३ टक्क्यांच्या आसपास असेल तर बीटा थॅलेसेमियाच्या बाबतीत सहसा काळजी नाही. ४ च्या वर, ५-६ पर्यंत असेल आणि एमसीव्ही कमी असेल तर वाहक. मधला ३.४ ते ३.९ हा भाग चकवा आहे. लोह खूप कमी असेल तर एचबीएटू खोटा खाली येतो आणि वाहक माणूस नॉर्मल दिसतो. बी-१२ कमी असेल तर उलटं, थोडा वर जातो, आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची बोंब असतेच. अशा वेळी कमतरता भरून काढून तीन महिन्यांनी परत टेस्ट करतात, किंवा डीएनए टेस्ट करतात. पण बाई गरोदर असेल तर तीन महिने वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी नवऱ्याचं रक्त द्यायचं. तो नॉर्मल असला की मोठी चिंता मिटते.

एचबीएटूच्या रकान्यात १५-२०-२५ असा भलताच आकडा दिसला तर तो बहुतेक एचबीई, म्हणजे हिमोग्लोबिनचा आणखी एक बिघडलेला प्रकार असतो, दोघांचा डोंगर त्या मशीनवर एकाच जागी येतो. ईशान्य भारत, बंगालकडच्या लोकांत हा जास्त. एचबीएसच्या (सिकलच्या हिमोग्लोबिनच्या) रकान्यात २५ ते ४० टक्के आणि एचबीए (नेहमीचं हिमोग्लोबिन) त्याहून जास्त, तर सिकलचा वाहक. एस हा ए पेक्षा जास्त असेल तर मात्र तो नुसता वाहक नाही, रक्ताच्या डॉक्टरकडे, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टकडे जायचं, गुगलकडे नाही.

सुरगाणा-पेठकडच्या लोकांसाठी रस्ता वेगळा आणि खरं तर सोपा आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा असं त्यात ठरलंय. म्हणजे ही तपासणी तुमच्या हक्काची आहे. गावातल्या आशाताईला विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे आधी बोटातून थोडं रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट करतात, नळीतलं पाणी गढूळ झालं, मागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण या टेस्टने एवढंच कळतं की एस आहे. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते ती सांगत नाही, त्यासाठी पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस झालंच पाहिजे. बरेच जण पॉझिटिव्ह ऐकून घाबरून घरी जातात आणि दुसऱ्या टेस्टला येतच नाहीत. जा. आणि तपासणीचं कार्ड मिळालं तर ते आधार कार्डाजवळ ठेवा, लग्नाच्या वेळी शोधायला नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही सोल्युबिलिटी टेस्ट उपयोगाची नाही, तेव्हा त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून जास्त असतं.

वाहक निघालात तर करायचं काय? स्वतःसाठी जवळजवळ काहीच नाही. लोहाच्या गोळ्या उगाच खाऊ नका, आधी फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) तपासा, ते कमी असेल तरच घ्या (वाहकालाही लोहाची कमतरता होऊ शकते, तेव्हा "मी मायनर आहे, मला लोह चालत नाही" हेही चूक). पुढच्या प्रत्येक डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा. आणि मग जोडीदार.

दोघांपैकी एकच वाहक असेल तर मूल आजारी होत नाही, जास्तीत जास्त वाहक होईल, त्याची शक्यता निम्मी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चार चिठ्ठ्या टाकायच्या: एक आजारी, दोन वाहक, एक मोकळी. आणि प्रत्येक वेळी चारही चिठ्ठ्या परत डब्यात जातात. पहिलं मूल मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, हे मी मुद्दाम लिहितेय कारण असा हिशोब एका डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये मी या कानांनी ऐकलाय. अजून एक गैरसमज: "तिला थॅलेसेमिया, त्याला सिकल, दोघांचं वेगळं आहे, मग प्रश्न नाही." प्रश्न आहे. एक जीन सिकलचा आणि एक बीटा थॅलेसेमियाचा असा मिळाला तर मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो, तो आजारच आहे. एचबीई आणि बीटा थॅलेसेमियाचंही तेच.

दोघंही वाहक म्हणजे लग्न मोडा असं मी म्हणत नाहीये, तो त्या दोघांचा निर्णय आणि त्यांनी शांतपणे घ्यावा. मात्र मूल होऊ द्यायचं असेल तर तयारी दिवस राहायच्या आधी करायची. दोघांची डीएनए टेस्ट करून नेमका बिघाड कुठला ते शोधून ठेवायचं, त्याला वेळ लागतो. मग दिवस गेल्यावर ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस, म्हणजे वारेचा अगदी छोटा तुकडा घेऊन तपासतात, किंवा १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासतात. मुंबईत परळला केईएमच्या आवारात एनआयआयएच ही आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था आहे, या आजारांसाठी गर्भाची तपासणी त्यांच्याकडे होते. माझी एक मैत्रीण आणि तिचा नवरा दोघं मायनर, मी तिच्यासोबत सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरून गेले होते. ती गाडीत एक अक्षर बोलली नाही, इगतपुरीला चहा घेतला तोही तसाच गार झाला. तिचं बाळ वाहक निघालं, आता बालवाडीत आहे आणि भयंकर द्वाड आहे. सगळ्यांचं असं होत नाही हे माहितीये मला. रिपोर्ट मेजर आला तर गर्भपात करायचा की नाही हे बाईने ठरवायचं, कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतो, पुढे २४ पर्यंत दोन डॉक्टर लागतात, त्यापुढे मेडिकल बोर्ड. म्हणूनच आठवडे वाया घालवू नका. ही तपासणी कायदेशीर आहे, लिंगनिदानाच्या कायद्यातच रक्ताच्या अशा आजारांसाठी परवानगी आहे, फॉर्म भरून घेतात, मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, विचारूही नका.

हिमोफिलियाबद्दल पण काही जण विचारतात. तो वेगळा प्रकार, आई वाहक असते आणि त्रास बहुतेक मुलग्यांना होतो, एचपीएलसीत तो दिसत नाही. मामाला किंवा आजोळच्या कुणाला रक्त न थांबायचा त्रास असेल तर ते डॉक्टरला वेगळं सांगा. अल्फा थॅलेसेमियाचा वाहकही एचपीएलसीत बहुधा निसटतो. एमसीव्ही कमी, लोह नॉर्मल, एचबीएटू नॉर्मल असं त्रांगडं असेल तर डीएनए टेस्टशिवाय उलगडा नाही.

राहिलं घरच्यांशी बोलणं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड हेच. मुलीची टेस्ट आधी करायला लावतात, ती वाहक निघाली की तिच्यात खोट आहे म्हणून गावभर करतात आणि मुलाची करतच नाहीत. मुलीच्या आईबापांना माझं स्पष्ट सांगणं आहे, मुलाकडच्यांना म्हणा दोघांचं एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये करू, आणि तेही सुपारी फुटायच्या आधी, हॉल बुक झाल्यावर कुणाला खरं ऐकायचं नसतं. त्याहून चांगलं म्हणजे कॉलेजच्या वयातच करून टाका, आपण वाहक आहोत की नाही हे जन्मात बदलत नाही. त्र्यंबकला नारायण नागबळी करायची असेल तर करा, माझी ना नाही, तिथून परत येताना तपासणीला रक्त पण द्या.

वाहक निघालात तर भावंडांना कळवणं तुमच्याकडे लागलं, प्रत्येक सख्ख्या भावंडाची शक्यता निम्मी असते, आणि पुढे मावस, मामे, चुलत सगळे. मी माझा रिपोर्ट आणि त्या भागाकाराचं गणित फॅमिली ग्रुपवर टाकलं. दोन दिवस त्याखाली फक्त गुड मॉर्निंगची फुलं आणि एक अंगठा. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन, नुकतंच लग्न झालेला. "ताई, माझा एमसीव्ही ६४ आहे आणि आरबीसी ५.९, पावणेअकराच्या आसपास येतंय, आता कुठे जायचं?"

म्हटलं उद्या सकाळी नाष्टा करूनच ये, आणि येताना वहिनीलाही घेऊन ये.